‘परटर्बेशन थिअरी म्हणजे अंदाजपंचे’ वाल्या फॉरवर्डला उत्तर

कॉलेजच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आलाय, या वेळी आईनस्टाईनच्या फोटोला झेंडूच्या फुलांची बॉर्डर लावून. म्हणणं असं की एकमेकांना ओढणाऱ्या तीन गोलांच्या (म्हणजे सूर्य, ग्रह वगैरेंच्या) हालचालीचं गणित सायंटिस्टना आजही सुटत नाही, म्हणून परटर्बेशन थिअरी असं भारी नाव देऊन ते अंदाज मारतात, ती बेरीज शेवटपर्यंत नेली तर अनंतात जाते म्हणजे मुळातच चूक, आणि नेपच्यून सापडला तो निव्वळ नशिबाने. शेवटी ‘विचार करा’ आणि हात जोडलेले. केला विचार.

पहिला मुद्दा, सुटत नाही. एका ओळीत मावेल असा फॉर्म्युला नाही हे खरंय, पण १९१२ मध्ये सुंडमन नावाच्या फिनलंडच्या गणितज्ञाने तीन वस्तूंचं अचूक उत्तर मालिकेच्या रूपात, म्हणजे न संपणाऱ्या बेरजेच्या रूपात दिलं, फक्त ते आकाश बघायला वापरायचं तर त्या बेरजेतली जेवढी पदं मिळवावी लागतील तो आकडा म्हणजे १ वर साधारण ८० लाख शून्यं. घ्या, अचूक उत्तर, काय करणार त्याचं?

दुसरा मुद्दा अंदाजाचा, आणि खरी गफलत इथेच आहे. भाजीवाला पिशवी हातात तोलून ‘सव्वा किलो भरेल ताई’ म्हणतो तो अंदाज. परटर्बेशनमध्ये आधी सुटणारा सोपा प्रश्न घ्यायचा, आणि खरा प्रश्न त्यापासून जेवढा सरकलाय त्याची दुरुस्ती लावत जायची. २६ चं वर्गमूळ काढा बघू कॅल्क्युलेटर न घेता. २५ चं ५, ते पाठ आहे. वरचा १ राहिला, त्याला ५ च्या दुपटीने भागा, ०.१, झालं ५.१. पुढची दुरुस्ती वजा ०.००१, म्हणजे ५.०९९, त्याच्या पुढची अधिक ०.००००२, म्हणजे ५.०९९०२. आता काढा कॅल्क्युलेटर, ५.०९९०१९५ येतं. दर पायरीला दुरुस्ती बारीक होत गेली ना, म्हणूनच अजून किती चूक शिल्लक असेल तेही कळतं, जे भाजीवाल्याला सांगता येत नाही.

हेच १७५८ मध्ये पॅरिसला क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या गणित-खगोलवाल्या तिघांनी हॅलेच्या धूमकेतूसाठी केलं, कित्येक महिने सकाळपासून रात्रीपर्यंत हाताने आकडेमोड, कधीकधी जेवतानासुद्धा (आणि क्लेरोने नंतर लपोतबाईंचा उल्लेखच गाळून टाकला, ते वेगळंच दुखणं). एकटा सूर्य धरला की सोपं गणित, पण गुरूच्या ओढीने धूमकेतूला ५१८ दिवस उशीर आणि शनीमुळे आणखी १०० असं निघालं. त्यांनी जाहीर केलं, १७५९ च्या एप्रिलच्या मध्याला सूर्याच्या सगळ्यात जवळ येईल, महिनाभर इकडेतिकडे. आला १३ मार्चला. महिनाभर चुकले, पण एवढी चूक होऊ शकते हे धूमकेतू यायच्या आधीच सांगून मोकळे झाले होते, अंदाज मारणारा असं करतो का?

तिसरा मुद्दा, बेरीज अनंतात जाते. हा अर्धा खरा आहे, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याने कुठूनतरी नीट ऐकलेला वाटतो. पॉइनकारे या फ्रेंच गणितज्ञाने ग्रहांच्या गणितातल्या अशा दुरुस्त्यांच्या मालिकांबद्दल हे दाखवलं होतं, आणि १९५२ मध्ये डायसन या भौतिकशास्त्रज्ञाने क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्सबद्दल (इलेक्ट्रॉन आणि प्रकाश यांच्या थिअरीबद्दल) तसाच युक्तिवाद मांडला. पण अशा मालिकेत पदं आधी लहान लहान होत जातात आणि बऱ्याच पुढे जाऊन वाढायला लागतात, तर त्याच्या आधी थांबायचं. याच थिअरीतलं इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाचं गणित लोकांनी पाचव्या पायरीपर्यंत नेलंय आणि ते प्रयोगाशी दशांशचिन्हानंतर दहाव्या आकड्याच्याही पुढपर्यंत जुळतं. पद्धत खरोखर हात टेकते ती जिथे लावायची दुरुस्ती लहान नसतेच तिथे, उदाहरणार्थ प्रोटॉनच्या आतले क्वार्क नावाचे कण. ते लिहिलं असतं तर मी लाईक केलं असतं.

राहिला नेपच्यून. युरेनस हिशेबाबाहेर सरकत होता, त्यावरून ल व्हेरिये या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने त्याला ओढणाऱ्या न दिसलेल्या ग्रहाची जागा काढली, बर्लिनच्या वेधशाळेत गालेने २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री दुर्बीण लावली आणि एक अंशाच्या आत ग्रह सापडला. नशीब थोडं होतंच, कारण ल व्हेरियेने धरलेलं अंतर बरंच जास्त होतं, दिशा मात्र त्या काळापुरती बरोबर येत होती.

मग त्याच माणसाने तीच युक्ती बुधाला लावली. बुधाच्या कक्षेचं सूर्याजवळचं टोक हळूहळू फिरतं, बाकीच्या ग्रहांची ओढ लावून झाली तरी थोडं उरतंच, पुढे ते शतकाला ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असं पक्कं झालं. ल व्हेरिये म्हणाला बुधाच्या आत, सूर्याजवळ अजून एक ग्रह असणार, नावही ठरलं व्हल्कन, आणि तो काही सापडला नाही. ग्रहांची ओढ शतकाला पाचशेच्या वर विकला येते, तीच जर अंदाजपंचे असती तर ४३ साठी कोणी डोकं धरून बसलं असतं का, गेलं असतं चुकीच्या खात्यात. १९१५ च्या नोव्हेंबरमध्ये आईनस्टाईनने ते ४३ काढून दाखवले, तेही पायरीपायरीने दुरुस्ती लावूनच, कारण त्याच्या समीकरणांचं अचूक उत्तर तेव्हा त्याच्याकडेही नव्हतं. ते काही आठवड्यांनी श्वार्झशिल्ड या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने काढलं, आणि त्यातूनही ४३ च आले.