संगणक हँग होणे व क्वारंटाइनच्या सूचनेबाबतच्या आपल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण एक तारा देऊन लिहिले आहे की, संगणक तीन दिवस आमच्याकडे ठेवून आणि ८०० रुपये मोजूनही तो पूर्वीसारखाच हँग होतो, अँटिव्हायरस रोज तीच फाइल क्वारंटाइन केल्याची, म्हणजे बाधित म्हणून वेगळी बंद करून ठेवल्याची, सूचना दाखवतो, आणि आम्ही नुसते स्कॅन करून पैसे घेतले. आपला राग रास्त आहे. कापसाच्या हंगामात जिनिंगवरचा, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यातला, हिशेबाचा संगणक अडला की काट्यावर गाड्यांची रांग लागते आणि शेतकऱ्याची पावती खोळंबते, हे जळगावात दुकान चालवणाऱ्या मला वेगळे सांगण्याची गरज नाही.

आपली तक्रार वाचल्यावर मी दुरुस्तीची नोंदवही काढली. संगणक आला तेव्हा प्रोसेसरचा पंखा रुईने गच्च भरलेला होता. तो साफ करून प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी नवी थर्मल पेस्ट लावली आणि त्यानंतर पूर्ण स्कॅन केले. म्हणजे नुसते स्कॅन झाले, हे खरे नाही. मात्र त्याच पानावर हार्ड डिस्कच्या ‘स्मार्ट’ तपासणीची, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या आपल्या प्रकृतीच्या नोंदींची, नोंद आहे आणि त्यात ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (नीट वाचता न आलेले भाग) या ओळीपुढे शून्य असायला हवे होते, तेथे ५६ आहे. ही गोष्ट आम्ही संगणक न्यायला आलेल्या आपल्या कामगाराला तोंडी सांगितली, आपल्याला फोन केला नाही, आणि तासभर नीट चालला एवढ्यावरच तो परत दिला. ही चूक सर्वस्वी आमची आहे.

डिस्कचा असा भाग वाचता आला नाही की ती तोच भाग पुन्हा पुन्हा वाचू पाहते आणि तेवढा वेळ सगळे काम थांबते. माउसचा बाण हलतो पण क्लिक लागत नाही, आणि थोड्या वेळाने सगळे आपोआप सुरू होते, असे आपण लिहिले आहे. ते या दोषाशी तंतोतंत जुळते. विंडोज नव्याने टाकून हा दोष जाणार नाही, डिस्कच बदलावी लागेल.

सूचनेचे कारण निराळे आहे आणि ते आपणच जोडलेल्या छायाचित्रात दिसते. सूचनेतील फाइलचा पत्ता ‘ई’ ड्राइव्हचा आहे, तर आपल्या संगणकात ‘सी’ आणि ‘डी’ एवढेच ड्राइव्ह आहेत. म्हणजे ही फाइल पेन ड्राइव्हमधून येते. क्वारंटाइन झालेली फाइल कुलूपबंद जागी असते आणि तेथून चालू शकत नाही. पण पेन ड्राइव्ह रोज दुसऱ्या एखाद्या बाधित संगणकाला लागत असेल, तर ती रोज नव्याने येईल आणि अँटिव्हायरस ती रोज नव्याने पकडेल. फोल्डर लपवून त्याच नावाचा शॉर्टकट तयार करणारा व्हायरसचा हा प्रकार झेरॉक्सच्या दुकानांतून फिरून आलेल्या पेन ड्राइव्हमध्ये आम्ही वारंवार पाहतो. दुरुस्तीच्या वेळी आपले पेन ड्राइव्ह आम्ही मागायला हवे होते, तेही राहिले.

आणखी एक गोष्ट. आम्ही संगणक दिला तेव्हा त्यात एकच अँटिव्हायरस होता, छायाचित्रात उजव्या कोपऱ्यात दोन दिसतात. सूचनेला कंटाळून दुसरा टाकला असेल, तर ते स्वाभाविक आहे. पण दोघेही एकच फाइल एकाच वेळी तपासू लागले की आधीच थकलेल्या डिस्कवरचा ताण आणखी वाढतो. नंतर टाकलेला कृपया काढून टाकावा.

सर्वांत कळकळीची विनंती अशी की, टॅलीचा डेटा दुसऱ्या चांगल्या डिस्कवर उतरवून होईपर्यंत पूर्ण स्कॅन किंवा डिस्क दुरुस्तीची आज्ञा अजिबात चालवू नये, कारण दोन्हींत डिस्कचे खूप वाचन होते आणि उरलेसुरले भागही त्या ताणाने जाऊ शकतात. संगणक वरचेवर बटण दाबून बंद करणेही टाळावे.

आपल्याला पुन्हा तालुक्याहून जळगावपर्यंत यावे लागू नये, म्हणून आमचा माणूस आपल्याकडे येईल, प्रथम डेटा उतरवील, नंतर डिस्क बदलील आणि कार्यालयातील सर्व पेन ड्राइव्ह तपासून देईल. नव्या डिस्कची किंमत तेवढी आपल्याकडे राहील, मजुरी आणि येण्याजाण्याचा खर्च आमचा. हे काम आमच्याकडून करून घ्यायचे नसेल, तर आपले ८०० रुपये परत मिळतील. बिलावरील क्रमांकावर सोयीची वेळ कळवावी.