कंट्रोल एस आणि अंधार

लाइट जाते तेव्हा आपण अंधारात बसतो, आणि परत येते तेव्हा कॉम्प्युटर बसतो. कायमचा. हे ज्ञान मला पहिला एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, जळाल्यावर झालं. तोवर लाइट गेली की पिन तशीच ठेवून मी निवांत आडवा व्हायचो. ‘‘जाण्यात काही नसतं, येण्यात असतं,’’ दुरुस्तीवाला जळका डबा हुंगत म्हणाला. परत येताना आसपासचे सगळे पंप, फ्रीज एकदम जागे होतात. विजेचा दाब कधी गचके खातो, कधी उसळी मारतो.

मग स्पाइक गार्ड आणला, म्हणजे उसळी अडवणारी सॉकेटांची पट्टी. त्याच्या पोटात एमओव्ही नावाची एक चकती असते. ती प्रत्येक उसळी अंगावर घेते आणि दरवेळी थोडी थोडी झिजते. एक दिवस ती गुपचूप संपते, पण पट्टीतून वीज येतच राहते. म्हणजे पहारेकरी गेला, टोपी तेवढी खुर्चीवर. त्यात आमचं अर्थिंग यथातथाच, त्यामुळे जिवंतपणीही त्याची निम्मी करामत वायाच गेली असणार.

शेवटी यूपीएस आला. ६०० व्हीए. मी ते ६०० वॅट समजून घरभर मिरवलं. खोक्यावर बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलं होतं. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी; वजन असं की उचलताना कंबरेनं हरकत घेतली. लाइट गेल्यावर त्यानं पाच-दहा मिनिटं द्यायची आणि तेवढ्यात मी काम सेव्ह करून मशीन बंद करायचं, असा आमचा करार. पण अंधारात घरातलं एकमेव जिवंत सॉकेट म्हणजे काय चीज असते, हे करारात नव्हतं. पहिल्याच दिवशी तीन मोबाईल आणि राऊटर रांगेत उभे. ‘‘अहो, पाचच टक्के राहिलंय!’’ मोबाईलचं बरं का, माझं नाही.

एकदा चार तास खपून एक लांबलचक अर्ज टाइप केला. सेव्ह? करणारच होतो. तेवढ्यात लाइट गेली. खोका टीं-टीं करू लागला, कॉम्प्युटरचा पंखाही फिरत होता. स्क्रीन मात्र काळाठिक्कर. टॉर्च मारून खोक्यामागे डोकावलो. तिथे दोन तऱ्हेची सॉकेटं: काही बॅटरीवरची, काही नुसती उसळी अडवणारी. मॉनिटर दुसऱ्या तऱ्हेच्या सॉकेटात! आणि बॅटरीवर लेझर प्रिंटर! तो कागद भाजताना इतकी वीज ओढतो, की त्याला तिथे लावायचंच नसतं.

पिन बदलावी तर एका हातात टॉर्च, हाताशी वायरींचं भेंडोळं आणि चुकून कॉम्प्युटरचीच उपटली जाण्याची भीती. टीं-टीं आता घाईला आली होती. म्हटलं, आंधळेपणानंच सेव्ह करू. कीबोर्ड चाचपला. कंट्रोल, एस. एंटर. खात्रीसाठी पुन्हा कंट्रोल, एस. नाव विचारलं असेल म्हणून ‘अर्ज’ टाइप करून एंटर. लांब सूर काढून खोका झोपला.

या वेळी मी सगळ्या पिना काढल्या. लाइट आल्यावरही दहा मिनिटं घड्याळ लावून बसलो, मगच मशीन सुरू केलं.

‘अर्ज’ नावाची फाईल जागच्या जागी होती. पान मात्र कोरं.

एसच्या शेजारी ए असतो. कंट्रोल-ए म्हणजे सगळं निवडा, आणि त्यावर एंटर म्हणजे सगळं पुसा. ते कोरं पान मात्र अगदी व्यवस्थित सेव्ह झालं होतं.