‘स्वस्त अल्ट्रा-वाइड लेन्स म्हणजे पैसे पाण्यात’ या मताचा प्रतिवाद

कमी किमतीची अल्ट्रा-वाइड (अतिशय रुंद दृश्य टिपणारी) लेन्स घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, असे मत हौशी छायाचित्रकारांमध्ये ठामपणे सांगितले जाते. तिचे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, लहान असल्यामुळे ती कमी उजेडात निरुपयोगी ठरते, प्लॅस्टिकचा माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारे कडे) टिकत नाही, कडेच्या वस्तू विद्रूप दिसतात, आणि कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सने काढलेले चार फोटो जोडले किंवा मोबाइल वापरला तरी तेच काम होते, अशी कारणे त्यासाठी दिली जातात. ही कारणे मी एका नेमक्या लेन्सवर तपासतो: कॅननची ईएफ-एस १०-१८ एमएम एफ/४.५-५.६ आयएस एसटीएम, जी २०१४ साली अमेरिकेत २९९ डॉलरला बाजारात आली.

अ‍ॅपर्चरचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. एफपुढचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, त्यामुळे एफ/४.५ च्या तुलनेत एफ/२.८ ला सुमारे अडीचपट प्रकाश आत येतो, हे निर्विवाद आहे. परंतु डोंगर, किल्ले, लेणी आणि वाड्यांचे अंतर्भाग टिपताना आपण बहुधा एफ/८ च्या आसपासच काम करतो, कारण जवळचा दगड आणि दूरचे शिखर दोन्ही स्पष्ट हवे असतात. क्रॉप (फुलफ्रेमहून लहान) सेन्सरवर १० एमएम, म्हणजे या लेन्सचा सर्वांत रुंद कोन, आणि एफ/८ ठेवून सुमारे ६५ सेंटिमीटरवर फोकस केला, तर साधारण ३३ सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. तिथे महागड्या लेन्सचे एफ/२.८ वापरलेच जात नाही.

उजेड खरोखरच कमी असेल तर? कार्ल्याच्या चैत्यगृहात उभे राहून खांबांची रांग आणि छताच्या लाकडी कमानी टिपायच्या आहेत आणि ट्रायपॉड लावता येत नाही, असे समजा. या लेन्समध्ये आयएस, म्हणजे हाताचा कंप सावरणारी यंत्रणा आहे आणि ती चार स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) फायदा देते असे कंपनी सांगते. तो दावा निम्माच खरा मानला, तरी जिथे १/१५ सेकंद लागले असते तिथे १/४ सेकंद हातात धरून फोटो घेता येतो, म्हणजे चौपट प्रकाश मिळतो. टोकिना कंपनीच्या ११-१६ एमएम एफ/२.८ लेन्समध्ये अशी यंत्रणा नाही. त्यामुळे कॅमेरा हातात असताना आणि समोरचे दृश्य स्थिर असताना मोठ्या अ‍ॅपर्चरची अडीचपट मागेच पडते. दृश्य हलते असेल, उदाहरणार्थ रात्रीचे कीर्तन किंवा आकाशगंगा, तर मात्र आयएसचा उपयोग नाही आणि आक्षेप पूर्णपणे खरा ठरतो. पण त्यावरही उपाय महागच असतो असे नाही: ताऱ्यांसाठी अनेक जण वापरतात ती सम्यांगची १४ एमएम एफ/२.८ मॅन्युअल लेन्सही परवडणाऱ्या गटातलीच आहे.

माउंटविषयीची भीती मला अनाठायी वाटते. लेन्सचे वजन जेमतेम २४० ग्रॅम असल्याने माउंटवर पडणारा ताण थोडा असतो, आणि १९९० साली आलेल्या कॅननच्या ५० एमएम एफ/१.८ II ला प्लॅस्टिकचाच माउंट असूनही ती पंचवीसएक वर्षे विकली गेली. पावसाळ्यात जपायला हवे, हे खरे. मात्र धातूचा माउंट असलेल्या जुन्या १०-२२ एमएम लेन्सलाही पाणी रोखणारे सील नव्हते.

कडेच्या विद्रूपतेचा दोष तर लेन्सच्या किमतीवर टाकताच येत नाही. सरळ रेषा सरळ दाखवणाऱ्या कोणत्याही लेन्समध्ये सपाट सेन्सरवर रुंद दृश्य मांडताना कोपऱ्यातल्या वस्तू ताणल्या जातातच. १० एमएमला अगदी कोपऱ्यातला चेंडू सुमारे १.७ पट लांबट दिसेल, मग लेन्स तीनशे डॉलरची असो वा तीन हजारांची. समूहछायाचित्रात माणसे कडेला उभी करू नयेत, एवढाच त्यावरचा इलाज आहे. कोपऱ्यांतला मऊपणा आणि काळवंडणे हे खरे दोष आहेत, पण अ‍ॅपर्चर थोडे बंद केले की दोन्ही कमी होतात.

फोटो जोडण्याचा पर्याय दूरच्या डोंगररांगांसाठी चांगला आहे. किट लेन्सचा १८ एमएमला आडवा कोन सुमारे ६४ अंश भरतो आणि १० एमएमला ९६, त्यामुळे दोन-तीन उभ्या-आडव्या फोटोंत काम होते. पण लाटा, गर्दी किंवा हातभर अंतरावरचा खांब समोर असला की जोड उघडे पडतात. मोबाइलचा कोन कधीकधी याहून रुंद असतो, हे मान्य. त्याच्या त्या कॅमेऱ्यामागचा सेन्सर मात्र कितीतरी लहान असतो आणि मोठी छपाई करताना तो फरक लपत नाही.

या चर्चेत राहून जाते ती जवळ जाण्याची सोय. ही लेन्स सेन्सरपासून २२ सेंटिमीटरपर्यंत फोकस करते. कास पठारावर वाटेवरूनच खाली वाकून, एकही झाड न तुडवता, सोनकीची फुले पुढे आणि ढगांनी भरलेले आभाळ मागे घेता येते, आणि माझ्या मते ही लेन्स विकत घेण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. फुलफ्रेम (३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेला) डीएसएलआर असणाऱ्यांनी मात्र ती घेऊ नये, कारण त्या कॅमेऱ्यांवर ती बसतच नाही.