‘फॅनफिकला काय, जोडी जुळली की झालं’: खरंच?

फॅनफिक्शन, म्हणजेच फॅनफिक: चाहत्यांनी आवडत्या कलाकृतीतली पात्रं घेऊन लिहिलेल्या कथा. त्यांच्याबद्दल एक मत वरचेवर पुढे पाठवलं जातं. ते थोडक्यात असं: या कथा वाचणाऱ्यांना आवडत्या दोन पात्रांची जोडी जमलेली बघायची असते, बाकी कशाशी त्यांना देणंघेणं नसतं. भाषा कशीही चालते. पात्रं आणि जग आयतं मिळतं, त्यामुळे लिहिणाऱ्याला कष्ट नाहीत. टॅग (कथेत काय आहे ते आधीच सांगणारी लेबलं) आणि इशारे म्हणजे वाचकांचे फाजील लाड. आणि कथा चांगली की वाईट ते कुडोसचा, म्हणजे वाचकांनी दिलेल्या पसंतीच्या खुणांचा, आकडाच सांगतो.

यातलं एकही विधान जसंच्या तसं टिकत नाही. उदाहरणं शेरलॉक होम्सची घेऊ. त्याच्यावर चाहते शंभराहून अधिक वर्षं लिहीत आले आहेत आणि मराठी वाचकाला तो अनुवादांतून चांगला ओळखीचा आहे.

‘वाचकाला फक्त जोडी हवी असते.’

जोडीची ओढ मोठी आहे, ती नाकारायचं कारण नाही. २००९ पासून सुरू असलेल्या आर्काइव्ह ऑफ अवर ओन या संग्रहात, म्हणजे एओथ्रीवर, प्रेमकथांचा भरणा आहेच. पण तिथली टॅगची पद्धत नीट पाहा. दोन नावांमध्ये तिरकी रेघ असेल तर प्रेमसंबंध, आणि ‘अँड’चं चिन्ह असेल तर मैत्री, भावंडपण किंवा तसंच दुसरं नातं. प्रेमप्रकरण मध्यवर्ती नसलेल्या कथांसाठी ‘जेन’ नावाचा वेगळा वर्ग आहे. वाचकांची मागणी एकाच प्रकारची असती तर ही सोय करायची गरजच पडली नसती.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, होम्स आणि त्याच्या गोष्टी सांगणारा मित्र डॉ. वॉटसन यांच्या कथा हजारोंनी आहेत. जोडी सगळ्यांत तीच. तरी वाचक एक कथा दुसऱ्या परिच्छेदाला बंद करतो आणि दुसरीपायी झोप मोडतो. फरक पडतो तो पात्राच्या आवाजाने. आमच्या मते फॅनफिकचा वाचक सर्वांत जास्त किंमत देतो ती यालाच. ओळखीचं माणूस त्याला ओळखीचंच वाटायला हवं, मग त्याला कुठल्याही प्रसंगात नेऊन उभं करा.

तीन वर्षं मेलेला समजला गेलेला होम्स परत आला आहे, असा प्रसंग घ्या. एक मसुदा असा:

‘जॉन, मला माफ कर. तुझ्याशिवाय ही तीन वर्षं मी कशी काढली ते माझं मला ठाऊक,’ असं म्हणताना होम्सच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

दुसरा असा:

‘वॉटसन, तुमच्या डाव्या बुटाची टाच झिजली आहे,’ होम्स म्हणाला. ‘तुम्ही पुन्हा पायी फिरू लागलात. तेही रात्री.’ मग खुर्ची शेकोटीकडे ओढत, माझ्याकडे न बघता: ‘झोप येत नव्हती का?’

माया दोन्हींत आहे. पहिल्यात ती कुठल्याही नायकाच्या तोंडी शोभेल. दुसऱ्यात ती होम्सच्याच वाटेने येते, निरीक्षणातून आणि नजर चुकवत. पहिला मसुदा ‘जॉन’ या हाकेलाच फसतो. मूळ कथांत हे दोघं एकमेकांना आडनावानेच हाक मारतात. २०१० साली सुरू झालेल्या बीबीसीच्या आधुनिक मालिकेत मात्र पहिली नावं येतात. म्हणून आपण कोणत्या होम्सवर लिहितोय हे आधी ठरवावं लागतं आणि टॅगमध्ये सांगावंही लागतं.

आवाज पकडायची एक खात्रीची रीत आहे. मूळ कलाकृतीतले त्या पात्राचे पंधरा-वीस संवाद हाताने उतरवून घ्या. वाक्यं लांब की तुटक? तो विचारतो की फर्मावतो? रागावल्यावर आवाज चढतो की उतरतो? कोणाला कोणत्या नावाने हाक मारतो, कोणता शब्द कधीच वापरत नाही? मग स्वतःच्या कथेतले दहा संवाद, बोलणाऱ्याचं नाव काढून, मूळ कलाकृती माहीत असलेल्या कोणाला तरी वाचायला द्या. तीन-चार संवाद कोणाचे ते ओळखता आलं नाही, तर कथानकाला हात लावू नका. ते संवाद बदला.

‘भाषा कशीही चालते.’

चालत नाही. म्हणूनच कथा टाकण्याआधी ती तपासून देणारे बीटा रीडर ही या जगातली जुनी प्रथा आहे. मराठीत लिहिताना काही अडचणी खास आपल्या आहेत आणि त्या वाचकाला लगेच बोचतात.

पहिली अडचण सर्वनामांची. दोन्ही पात्रं पुरुष असली की ‘तो’ कोण आणि ‘त्याचा’ कोणाचा, हे कळेनासं होतं. ‘होम्सने वॉटसनकडे पाहिलं. त्याने त्याच्या खांद्यावर त्याचा हात ठेवला.’ इथे नेमकं कोणी काय केलं? घाबरून लेखक मग ‘तो उंच माणूस’, ‘तो डॉक्टर’ अशी विशेषणं पेरू लागतो. वीस वर्षांपासून सोबत असलेल्या मित्राला मनात कोणी ‘तो डॉक्टर’ म्हणत नाही, त्यामुळे आवाज तिथेही तुटतो. उपाय भाषेतच आहे: ‘होम्सने वॉटसनकडे पाहिलं आणि आपला हात त्याच्या खांद्यावर ठेवला.’ ‘आपला’ कर्त्याकडे जातो, ‘त्याच्या’ दुसऱ्याकडे. तरी घोळ राहिला तर सरळ नाव लिहा. नाव पुन्हा आलं म्हणून वाचक कंटाळत नाही.

दुसरी अडचण ‘तू’ आणि ‘तुम्ही’ची. मूळ इंग्रजीत हा प्रश्नच नसतो, त्यामुळे निर्णय पूर्णपणे तुमच्यावर येतो. आपल्याकडे आडनावाने हाक मारूनही अरे-तुरे चालतं, तेव्हा होम्स-वॉटसनसाठी दोन्ही शोभेल. पण एक निवडलं की ते पाळलं पाहिजे. तिसऱ्या प्रकरणात ‘तुम्ही’ आणि चौथ्यात नकळत ‘तू’ आलं, तर वाचक ते नात्यातला बदल म्हणून वाचतो आणि पुढे तसं काही घडलं नाही की त्याचा हिरमोड होतो.

‘सगळं आयतं मिळतं, कष्ट नाहीत.’

पात्रं आयती मिळतात, हे खरं. पण त्यांच्यासोबत ती पात्रं पाठ असलेला वाचकही मिळतो. होम्सच्या मूळ कथा छप्पन आणि कादंबऱ्या चार, एकूण साठ. त्या पुन्हापुन्हा वाचलेल्या माणसासमोर चूक लपत नाही. १८८७ च्या पहिल्या कादंबरीत वॉटसनची जखम खांद्याला आहे, १८९० च्या दुसरीत ती पायाला. १८९१ च्या एका कथेत त्याची बायकोच त्याला ‘जेम्स’ म्हणते, नाव जॉन असताना! ही बहुधा मूळ लेखकाचीच नजरचूक. पण रहस्यकथा-लेखिका डोरोथी सेयर्सने त्यावर तोडगा सुचवला: जॉन एच. वॉटसनमधला ‘एच’ म्हणजे हेमिश, आणि हेमिश हे जेम्सचंच स्कॉटिश रूप. फॅनफिकचा वाचक असा वाचतो. त्याला विसंगतीचा राग येत नाही, ती कोणीतरी प्रेमाने जुळवली की आनंद होतो. विसंगती लक्षातच न आलेला लेखक मात्र त्याला खटकतो.

पोकळ जागांचंही तसंच. १९०३ मध्ये होम्स परत येतो त्या कथेत वॉटसनच्या बायकोच्या मृत्यूचा उल्लेख एका ओझरत्या शब्दप्रयोगात उरकला आहे. तिचं आजारपण, अंत्यविधी, त्या वर्षांतला दवाखाना, यातलं काहीच नाही. या एका फटीतून कितीतरी कथा आल्या. अशी कथा लिहायला घेण्याआधी तीन रकान्यांचा तक्ता करा: मूळ कथेतली तारीख किंवा ऋतू, त्या वेळी कोण कुठे आहे, आणि कोणाला काय माहीत आहे. सर्वांत जास्त चुका तिसऱ्या रकान्यात सापडतात. होम्स जिवंत आहे हे वॉटसनला ठाऊक नसताना त्याच्या विचारांत आशा डोकावली, की त्या प्रकरणातला शोक खोटा वाटू लागतो.

‘टॅग म्हणजे लाड.’

टॅग हे लेखकाने वाचकाला दिलेलं वचन आहे. एओथ्रीवर ठरलेले इशारे चारच: तपशीलवार हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार, आणि अल्पवयीनांशी संबंधित लैंगिक आशय. रहस्य फुटू नये असं वाटत असेल तर ‘इशारा द्यायचा नाही असं ठरवलं आहे’ हा पर्याय निवडता येतो. तोही प्रामाणिक आहे, कारण पुढे काहीही असू शकतं हे वाचकाला कळतं. बेइमानी होते ती वेगळीकडे. लोकप्रिय जोडीचा टॅग लावायचा आणि ती जोडी दोन ओळींत गुंडाळायची, यावर वाचक जितका चिडतो तितका शोकान्तावर चिडत नाही. टॅगची मर्यादा पंचाहत्तर असली तरी सगळे वापरू नका. कथेत खरोखर जागा व्यापणाऱ्या आठ-दहा गोष्टी पुरतात.

‘कुडोस जास्त, म्हणजे कथा चांगली.’

एका वाचकाला एका कथेला एकदाच कुडोस देता येतो, कथेची प्रकरणं कितीही असोत. भेटींचा आकडा मात्र तोच वाचक नव्या प्रकरणासाठी परत आला की वाढत राहतो. म्हणून भेटींमागे कुडोस किती असं प्रमाण काढलं, तरी फसगत होते. समजा शंभर जणांनी वीस प्रकरणांची कथा दर आठवड्याला येऊन पूर्ण वाचली आणि प्रत्येकाने कुडोस दिला. भेटी दोन हजारांच्या घरात, कुडोस शंभर, म्हणजे पाच टक्के. शंभर जणांनी एक वनशॉट, म्हणजे एकाच प्रकरणात संपणारी कथा, वाचला आणि चाळिसांनीच कुडोस दिला, तरी ते चाळीस टक्के दिसतात. पहिल्या कथेने सगळे वाचक शेवटपर्यंत राखले, तरी आकड्यात तीच कमी दिसते. त्यापेक्षा प्रतिक्रियांत कोणती वाक्यं उतरवून दिली आहेत ते पाहा. ती बहुतेक वेळा संवादाची असतात.

असं वाक्य मूळ कथांतही एक आहे. १९२४ च्या एका कथेत वॉटसनला गोळी लागते आणि होम्सचा थंडपणा क्षणभर गळून पडतो. साठ कथांत असा क्षण जवळजवळ एकदाच येतो, म्हणून तो चाहत्यांना पाठ आहे. मराठीत लिहिताना सगळीकडे ‘तुम्ही’ जपलं असेल, तर ‘तू’ वापरायची जागा ती: ‘वॉटसन, तुला लागलं नाही ना?’ पुढच्याच वाक्यात पुन्हा ‘तुम्ही’ आणा.