दुसऱ्यांदा दिवाळखोरी आणि ते ३० दिवस : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन आहेत. पहिला, टेक्सासमध्ये पुन्हा पुन्हा दिवाळखोरीचा अर्ज करणारे लोक बँकेला झुलवत ठेवतात, त्यांना मी वाटा दाखवू नयेत. दुसरा, ३० दिवसांनी संरक्षण संपतं असं लिहून मी लोकांना घाबरवतो; तुमच्या मेव्हण्यांचे वकील तर घर सुरक्षित आहे म्हणतात.

आधी दुसरा, कारण त्यात एखाद्याचं घर जाऊ शकतं. मागच्या वर्षभरात तुमची दिवाळखोरीची एक केस डिसमिस झाली, म्हणजे कोर्टाने ती मध्येच बंद केली असेल, तर नव्या केसमध्ये आपोआप मिळणारी स्थगिती, म्हणजे बँकेची वसुली आणि घराचा लिलाव रोखणारं संरक्षण, ३०व्या दिवशी संपते. वाढवून हवी असेल तर नुसता अर्ज पुरत नाही, त्यावरची सुनावणीही त्या ३० दिवसांतच उरकावी लागते. २५व्या दिवशी जागं होऊन काय उपयोग? बँकेला नोटीस जायची असते, कोर्टाची तारीख मिळायची असते.

वकीलसाहेबांचा आधार मला ठाऊक आहे. टेक्सास ज्याच्या कक्षेत येतं त्या फिफ्थ सर्किट या अपील कोर्टाने २०१९ मध्ये म्हटलं, की स्थगिती संपते ती कर्जदारापुरती. घरासारख्या, दिवाळखोरीत जमा झालेल्या मालमत्तेवर ती कायम राहते. पण २०१८ मध्येच फर्स्ट सर्किटने ती पूर्ण संपते असा निकाल दिला होता. त्या कोर्टाच्या कक्षेतल्या बॉस्टनच्या वाचकाने तुमचं ऐकलं तर? टेक्सासमध्येही, चॅप्टर १३ चा (हप्त्यांनी कर्ज फेडायच्या दिवाळखोरीचा) प्लॅन मंजूर झाला आणि त्यात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर घर पुन्हा कर्जदाराच्या नावे होतं आणि ती ढाल उरत नाही.

आता झुलवण्याबद्दल. त्याचा बंदोबस्त दिवाळखोरी कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीत झालाच आहे. वर्षभरात दोन केसेस डिसमिस झाल्या असतील तर तिसरीत स्थगिती सुरूच होत नाही. टेक्सासमध्ये महिन्याच्या पहिल्या मंगळवारी कर्ज थकलेल्या घरांचे लिलाव होतात. त्या सकाळी तिसरा अर्ज टाकून बोली थांबत नाही. कोर्टाने नंतर स्थगिती दिली तरी ती आदेशाच्या तारखेपासूनच लागू होते. लबाडी सिद्ध झाली तर त्या घराला दोन वर्षं स्थगिती मिळणार नाही असा आदेशही कोर्ट देऊ शकतं, मग अर्ज घरातल्या दुसऱ्या कोणी केला तरी.

पण पहिली केस पडते कशाने? तीन ते पाच वर्षांचा प्लॅन, अर्ज केल्यापासून ३० दिवसांत पहिला हप्ता, आणि मध्येच नोकरी जाते. अशा माणसाला मी लबाड म्हणणार नाही. मुदतवाढीसाठी त्यालाही परिस्थिती बदलल्याचे ठोस पुरावे कोर्टापुढे ठेवावेच लागतात : नवी नोकरी, पगाराच्या स्लिपा, प्लॅनला पुरेल असा हिशेब.

मेव्हण्यांना आजच विचारा : मुदतवाढीचा अर्ज दाखल झाला का, आणि सुनावणीची तारीख कोणती? ती ३०व्या दिवसानंतरची असेल, तर वकिलांना लवकरची तारीख मागायला सांगा.