‘हितचिंतक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘हितचिंतक’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस नमस्कार.

पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीमुळे कोणालाही दुसऱ्या सभासदाची पावती उघडता येते, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगली लांबलचक प्रतिक्रिया टाकली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सार असं: दुरुस्ती होण्याआधीच मी चूक जाहीर केली, त्यामुळे चोरांचं फावलं, कंपनी लहान, आपल्याच गावच्या पोरांच्या पोटावर पाय आला, आणि दुसऱ्याची पावती उघडून पाहणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 आणि 66 खाली गुन्हा ठरू शकतो. मग हे वाक्य: ‘घरातली गोष्ट घरात मिटवायची असते, तुम्ही ती प्रसिद्धीसाठी सीताबर्डीच्या चौकात मांडली.’

तुमचं एक म्हणणं मान्य. शीर्षकातला ‘भगदाड’ हा शब्द भडक होता. बदलला आहे.

आता ते वाक्य. प्रसिद्धीसाठी? अहो, या ब्लॉगच्या वाचकांपेक्षा जास्त गर्दी आमच्या गल्लीतल्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर असते. इतवारीतल्या एका पतसंस्थेत मी हाताने लेजर लिहिलेली आहेत. दिवसाचा ताळा जुळला नाही तर चार रुपयांच्या फरकासाठी रात्री उशिरापर्यंत बसायचो, आणि मॅनेजरही सोबत बसायचा. सभासदाचा हिशेब काय असतो हे मला कोणी टोपणनावाआडून शिकवावं, याची गंमत वाटते.

आणि घर नेमकं कोणाचं? पैसे भरले की सभासदाच्या मोबाइलवर पावतीची लिंक येते. लिंकच्या शेवटी पावती क्रमांक. त्यातला शेवटचा आकडा बदलला की पुढच्या माणसाची पावती समोर हजर: नाव, मोबाइल नंबर, मुदत ठेव किती, वारस कोण. पासवर्ड नाही, ओटीपी नाही, काही विचारतच नाही. एका बाईंनी ठेवीला मुलाऐवजी पुतण्याचं नाव लावलेलं मला दिसलं. त्यांच्या मुलाला ते ठाऊक असेल की नाही कोण जाणे, पण मला, एका परक्या माणसाला, ते कळलं. ही त्या बाईंच्या घरातली गोष्ट आहे. कंपनीने ती स्वतःच्या घरातली कधीपासून केली?

माझं पहिलं ईमेल पितृपक्षात गेलं, आणि कंपनीने त्याचं श्राद्धच घातलं म्हणायचं. लेख आला तो संक्रांत उलटल्यावर. मधल्या काळात एक फोन तेवढा आला: ‘सर, बाकी कुठूनच तक्रार नाही, तुमच्याच इथे काहीतरी प्रॉब्लेम असेल.’

हे ऐकलं आणि मला ब्रिटनचं पोस्ट खातं आठवलं. तिथे 1999 पासून फुजित्सू कंपनीची होरायझन ही हिशेबाची संगणक प्रणाली आली आणि शाखांच्या हिशेबात नसलेली तूट दाखवू लागली. उपपोस्टमास्तर मदतीसाठी फोन करायचे, तर कित्येकांना उत्तर मिळायचं की असं फक्त तुमच्याकडेच होतंय. पुढे ती तूट त्यांच्याच माथी मारली गेली, चोरी आणि खोट्या हिशेबासारख्या आरोपांखाली 900 हून अधिक लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. 2009 मध्ये ‘कम्प्युटर वीकली’ने त्यांच्यापैकी सात जणांच्या कहाण्या छापल्या, आणि त्याच वर्षी या लोकांनी संघटना बांधली. प्रणालीत दोष होते असं उच्च न्यायालयाने म्हणायला 2019 साल उजाडलं. तिथेही सगळं घरातच मिटवणं चालू होतं, साहेब.

थांबायचं तरी किती? सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा गूगलचा प्रोजेक्ट झीरो हा गट चूक जाहीर करण्याआधी कंपनीला दुरुस्तीसाठी 90 दिवस देतो. जानेवारी 2015 मध्ये त्यांनी विंडोजमधली एक चूक मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती यायच्या दोन दिवस आधी जाहीर केली, तेव्हा मायक्रोसॉफ्टनेही तुमच्यासारखाच गळा काढला होता. तिथे दोन दिवस थांबले असते तर काही बिघडत नव्हतं, असं मीही म्हणेन. पण मायक्रोसॉफ्टने तारीख तरी सांगितली होती. मला तारीख सोडा, ‘बघतो’ असंही कोणी म्हटलं नाही.

बाकीचं थोडक्यात. चोरांना आकडा बदलायला माझ्या लेखाची गरज नव्हती. कलमांचं काय ते वकील बघतील. सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवल्याची पोच माझ्याकडे आहे. गावच्या पोरांबद्दल म्हणाल तर माझा भाचाही आयटी पार्कातच रात्री बारापर्यंत राबतो, तेव्हा तो कळवळा मला दाखवू नका. दोष पोरांचा आहे असं मी लिहिलंय कुठे?

राहता राहिली तुमची शेवटची ओळ: ‘दुरुस्तीचं काम तर सुरूच होतं.’ हे तुम्हाला कोणी सांगितलं? मला तर कंपनीने एका अक्षराने कळवलं नाही. आतली खबर असेलच, तर दुरुस्ती कधी होणार ती तारीखही लिहा. लेखाच्या अगदी वर लावतो, तुमच्या नावासकट. खरं नाव सांगणार असाल तर.