धूर ओसरला म्हणून ज्वालामुखी निवला असे नाही

ज्वालामुखीविषयीचा एक छोटा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा: ‘मुखातून गंधकाचा वायू जास्त येऊ लागला की शिलारस वर चढतो आहे आणि उद्रेक होणार हे नक्की, वायू कमी झाला की धोका टळला. त्यासाठी सल्फर डायऑक्साइड मोजला की पुरते. कार्बन डायऑक्साइड हवेत असतोच, तो मोजून काही कळत नाही.’ यात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच तो पटकन पटतो.

आधी त्यातले खरे काय ते पाहू. खोलवरच्या शिलारसात पाणी, कार्बन डायऑक्साइड, गंधक, क्लोरीन हे घटक दाबाखाली विरघळलेले असतात. शिलारस वर सरकला की दाब उतरतो आणि त्यांचे बुडबुडे सुटू लागतात. परंतु ते सगळे एकाच खोलीवर सुटत नाहीत, आणि फिरणाऱ्या मजकुराला नेमका याचाच पत्ता नाही. कार्बन डायऑक्साइड शिलारसात सर्वांत कमी विरघळतो, त्यामुळे तो कित्येक किलोमीटर खाली असतानाच वेगळा होतो. गंधकाचा मोठा भाग त्यानंतर, बराच वर आल्यावर सुटतो. क्लोरीन आणि फ्लोरीन तर बहुतांशी पृष्ठभागाजवळ. म्हणून एका वायूचे प्रमाण वाढले एवढ्यावरून शिलारसाच्या हालचालीविषयी फारसे ठरवता येत नाही. कोणता वायू कोणाच्या तुलनेत वाढला, हे पाहावे लागते.

‘वायू कमी झाला की धोका टळला’ हे विधान सर्वांत घातक आहे. फिलिपाइन्समधील पिनातुबो ज्वालामुखीतून १३ मे १९९१ रोजी दिवसाला सुमारे ५०० टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडत होता. २८ मे रोजी तो ५,००० टनांवर गेला आणि त्यानंतर एकाएकी घटला. या मजकुराचा नियम लावला असता, तर लोकांना घरी परतण्यास सांगितले गेले असते. तेथील शास्त्रज्ञांना मात्र या घटीने उलट अधिक काळजीत टाकले, कारण वायूची वाट बुजली असून आत दाब साठत असावा, अशी शंका त्यांना आली. शिलारस पृष्ठभागाजवळ पोहोचला की त्याच्या वरच्या थरातील वायू निघून जातो, तो थर घट्ट होतो आणि बुचासारखा बसतो. खालचा शिलारस मात्र वायूने भरलेलाच राहतो. ७ जूनला मुखाशी लाव्हाचा घुमट दिसला आणि १५ जूनला मुख्य उद्रेक झाला. त्यात सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वातावरणात गेल्याचे उपग्रहांच्या नोंदींवरून दिसले.

कोलंबियातील गालेरास येथे परिणाम अधिक दुःखद झाला. १४ जानेवारी १९९३ रोजी वायू थोडाच येत होता, डोंगर शांत वाटत होता. विवरात उतरलेल्या ६ शास्त्रज्ञांसह ९ जण अचानक झालेल्या स्फोटात मरण पावले. भूकंपमापकावर मात्र त्याआधी स्क्रूच्या आकाराच्या मोजक्या कंपनरेषा उमटल्या होत्या. घट कधीकधी शिलारसातील वायू संपत आल्यामुळेही होते, हे मान्य. पण वाट बुजली की साठा संपला, हे वायूचा आकडा एकटा सांगू शकत नाही. त्याला जमिनीचा फुगवटा आणि भूकंप यांची जोड लागते.

आता ‘सल्फर डायऑक्साइड मोजला की पुरते’ या मुद्द्याविषयी. हा वायू सोयीचा आहे खरा; हवेत तो जवळजवळ नसतो आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषतो, त्यामुळे दुरूनच मोजता येतो. (या कामी १९७०च्या दशकापासून वापरात आलेले उपकरण मुळात कारखान्यांच्या धुराड्यांसाठी होते.) परंतु रात्री सूर्य नसतो, आणि दिवसाचे टन काढताना वाऱ्याचा वेग गृहीत धरावा लागतो, तेथेच मोठी चूक शिरते. शिवाय डोंगराच्या पोटात भूजल मुबलक असेल, तर ते हा वायू विरघळवून वाटेतच अडवते. अशा ठिकाणी नवा शिलारस वर आला तरी सुरुवातीस गंधकाचा आकडा हलत नाही. पुढे खडक तापून पाणी आटले की तो एकदम उसळतो, आणि शिलारस जणू त्याच दिवशी आला असे भासते.

कार्बन डायऑक्साइड पाण्यात तितकासा अडकत नाही. तो हवेत असतो ही अडचण खरी आहे. म्हणूनच धुराच्या लोटातील हवा उपकरणात ओढून दोन्ही वायू एकाच वेळी मोजतात आणि साध्या हवेतील वाटा वजा करून कार्बन डायऑक्साइडचे सल्फर डायऑक्साइडशी गुणोत्तर काढतात. इटलीतील एटना आणि स्ट्राँबोली येथे काही उद्रेकांपूर्वी हे गुणोत्तर वाढल्याचे आढळले आहे: खालून वायूने भरलेला नवा शिलारस येत असल्याची ती खूण.

तरीही ‘वायू वाढला म्हणजे उद्रेक नक्की’ हे विधान टिकत नाही. कॅलिफोर्नियातील मॅमथ माउंटनखाली १९८९ साली छोट्या भूकंपांची मालिका झाली, तेथील वायूत हेलियम-३चे (खोलवरच्या शिलारसाची खूण मानल्या जाणाऱ्या हेलियमच्या प्रकाराचे) प्रमाण वाढले, आणि १९९०पासून उतारावरची झाडे उभीच्या उभी वाळू लागली, कारण मातीत साचलेल्या कार्बन डायऑक्साइडने मुळांना प्राणवायू मिळेनासा झाला. शिलारस खोलवर शिरला होता, पण तिथेच थांबला. उद्रेक झाला नाही. वायू मात्र पुढेही वर्षानुवर्षे येतच राहिला.